रविवारच्या शिकारीसाठी एक सही

पेनसिल्व्हेनियात येऊन आम्हाला अकरा वर्षे झाली, आणि त्यांपैकी पहिली दहा वर्षे शरद ऋतूतला रविवार हा आमच्या लेखी बिनबंदुकीचा वार होता. हॅरिसबर्ग शहराच्या पश्चिमेला, सस्क्वेहाना नदीच्या पलीकडे आमचे घर आहे. तेथून अर्ध्या तासावर ॲपलाचियन पायवाट डोंगराच्या धारेवरून पुढे जाते. ऑक्टोबरात पाने रंगली की आम्ही तिकडे रविवारीच चालायला जात असू, कारण शनिवारी रानात शिकारी असतात आणि रविवारी जवळजवळ नसतात, ही गोष्ट कचेरीतल्या एका जुन्या सहकाऱ्याने पहिल्याच वर्षी माझ्या कानावर घातली होती. २०२५ साली हा नियम बदलला, आणि नेमक्या त्याच वर्षी मी व माझी तेरा वर्षांची मुलगी शिकारीचा परवाना काढण्याच्या खटपटीत होतो. त्या खटपटीची, आणि विशेषतः रविवारी एक खार मारायची तर काय काय करावे लागते याची ही हकीकत आहे.

मुळात ही हौस मुलीची. तिच्या शाळेतली अर्धी मुले थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणाच्या शिकारीला जातात आणि कित्येक शाळा त्या दिवशी चक्क सुट्टी देतात. माझ्या बाजूने म्हणाल, तर माझे आजोबा जुन्नर भागात ससे आणि तितर मारत असत. मुंबई राज्याच्या १९५१च्या वन्यप्राणी कायद्याखाली मिळालेला त्यांचा परवाना आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत बरीच वर्षे होता. पुढे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही सुरुवातीला ‘छोटी शिकार’ असा परवान्याचा एक स्वतंत्र वर्ग होता. १९९१च्या दुरुस्तीने तो संपला आणि आपल्याकडे हौसेच्या शिकारीचा विषयच मिटला. तो मिटला हे योग्यच झाले असे मी मानतो. येथे मात्र खारी, ससे, फेजंट पक्षी यांच्या शिकारीला आजही ‘स्मॉल गेम’ म्हणजे छोटी शिकारच म्हणतात, आणि तो शब्द नियमपुस्तिकेत पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ट्रंकेतला तो पिवळा कागद आठवला.

पहिली पायरी म्हणजे प्रशिक्षणाचा वर्ग. पूर्वी कधी परवाना काढलेला नसेल तर वय कितीही असो, हा वर्ग पुरा केल्याशिवाय परवाना मिळत नाही; अकरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांनाही तो करता येतो. आम्ही दोघांनी सहा तासांचा, समोरासमोरचा, विनाशुल्क वर्ग निवडला. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका शिकारी क्लबाच्या पत्र्याच्या सभागृहात तो झाला, आणि शिकवणारे सगळे स्वयंसेवक होते. चाळीसेक जणांत आम्ही दोघेच सावळे, आणि मी बहुधा सर्वांत वयस्कर विद्यार्थी. महाविद्यालयात असताना एनसीसीमध्ये .२२ रायफलीच्या पाच-दहा गोळ्या झाडल्या होत्या, एवढ्या भांडवलावर मला थोडी घमेंड होती. ती पहिल्या तासाभरात उतरली. एनसीसीत आम्ही हवालदाराच्या हुकमावर, सगळे एका दिशेला तोंड करून, मातीच्या उंच बांधावर गोळी मारत होतो. रानात हवालदार नसतो आणि बांधही नसतो. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे, नळी कायम सुरक्षित दिशेला असावी, चापावर बोट अगदी शेवटच्या क्षणी जावे, आणि सावजाबरोबरच सावजाच्या मागे काय आहे ते पाहावे, हे चार नियम त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या प्रकारे घोकून घेतले की घरी परतताना मुलगी गाडीत ते पाढ्यांसारखे म्हणत होती. कुंपण ओलांडताना बंदूक रिकामी करून आधी पलीकडे कशी ठेवायची, तिघे ओळीने चालत असतील तर कोणी कोणत्या बाजूला नळी धरायची, याचा सराव लाकडी बंदुकांवर झाला. शेवटी लेखी परीक्षा होती. मुलीला माझ्यापेक्षा दोन गुण जास्त मिळाले.

परवाना मिळवणे हे त्या मानाने दहा मिनिटांचे काम निघाले. माझ्या प्रौढ परवान्याचे २०.९७ डॉलर आणि तिच्या, म्हणजे १२ ते १६ या वयोगटाच्या परवान्याचे ६.९७ डॉलर भरले. १ जुलै ते ३० जून असे त्याचे वर्ष धरतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाबरोबर घरातले प्रौढ माणूस असावेच लागते, त्यामुळे आमची जोडी कायद्यानेच ठरली. रायफल घेताना दुकानात केंद्र सरकारचा एक लांबलचक अर्ज भरावा लागला. मी ग्रीन कार्डावर असल्याने त्यात परदेशी नागरिकाचा नोंदणी क्रमांक लिहिला, आणि दुकानदाराने राज्य पोलिसांकडून माझी पडताळणी करून घेतली. आपल्याकडचे अनेक जण येथे कामाच्या व्हिसावर असतात, म्हणून एक तपशील नोंदवतो: अशा व्हिसावरच्या माणसाला सर्वसाधारणपणे बंदूक बाळगताच येत नाही, मात्र वैध शिकार-परवाना जवळ असणे हा त्या मनाईला असलेल्या अपवादांपैकी एक आहे. या वाटेने जाण्यापूर्वी वकिलाला विचारावे; केवळ माझ्या या ओळीवर विसंबू नये.

आता रविवारचा प्रश्न. पेनसिल्व्हेनियातली रविवारची बंधने फार जुनी आहेत. १७९४च्या कायद्यात रविवारी ऐहिक कामधंदा करणाऱ्याला चार डॉलर दंड होता. त्याच कायद्याच्या धाकाने फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्गमध्ये व्यावसायिक बेसबॉलचे सामने रविवारी होत नसत. ते सुरू व्हायला १९३४ साल उजाडले. मोटारविक्रीची दुकाने येथे आजही रविवारी बंद असतात, हे मी स्वतः गाडी घ्यायला गेलो तेव्हा बंद दाराशी उभा राहून शिकलो. रविवारच्या शिकारीवरची बंदी १८७३ची. तिच्यातून कोल्हे, कायोटी (लांडग्यासारखा, पण लहान प्राणी) आणि कावळे एवढेच सुटले होते, कारण हे प्राणी उपद्रवी समजले जात. २०१९च्या कायद्याने वर्षातले तीन रविवार मोकळे केले: एक धनुष्यबाणाने हरिण मारण्याच्या मोसमातला, एक बंदुकीच्या मोसमातला, आणि एक गेम कमिशन, म्हणजे शिकारीचे नियम ठरवणारे राज्याचे मंडळ, ठरवील तो. जुलै २०२५ मध्ये राज्यपाल जोश शपिरो यांनी सही केलेल्या कायद्याने उरलेली बंदीही उठवली आणि कोणते रविवार खुले ठेवायचे हे ठरवण्याचा अधिकार कमिशनला दिला. कमिशनने त्या वर्षासाठी १४ सप्टेंबरपासून ७ डिसेंबरपर्यंतचे तेरा रविवार जाहीर केले.

बाजूने आणि विरुद्ध दोन्हीकडची कारणे मला पटतात, ही माझी अडचण आहे. बंदी उठवणाऱ्यांचे म्हणणे असे, की नोकरी करणारा माणूस आणि शाळेत जाणारे मूल यांच्या हातात आठवड्यातून एकच दिवस उरतो, आणि त्या दिवशी पाऊस पडला की गेला आठवडा. आमच्या मुलीच्या पोहण्याच्या स्पर्धा शनिवारी असतात, म्हणजे आमच्या हातात तोही दिवस नव्हता. रविवार उघडला नसता तर तिचा परवाना कपाटातच राहिला असता. दुसऱ्या बाजूला शेतकरी होते, ज्यांना आठवड्यातला एक दिवस आपल्या बांधावर अनोळखी माणूस आणि गोळीचा आवाज नको होता; घोडेस्वार आणि पायी फिरणारे होते, ज्यांना रानात निर्धास्तपणे वावरायला तेवढाच दिवस मिळे. त्या पायी फिरणाऱ्यांत दहा वर्षे आम्हीही होतो. एकाच घरातल्या माणसाने एका शरदात बाजू बदलावी, याचा थोडा संकोच मला वाटला आणि अजूनही वाटतो.

नियमपुस्तिका घेऊन बसलो तेव्हा कळले की ‘तेरा रविवार’ म्हणजे सरसकट तेरा नव्हेत. रविवार खुला असला तरी त्या दिवशी त्या त्या प्राण्याचा हंगामही चालू असावा लागतो. खारींचा हंगाम १३ सप्टेंबरला उघडून २८ नोव्हेंबरला थांबत होता, म्हणजे खारींच्या वाट्याला अकरा रविवार आले. सशांचा मुख्य हंगाम १८ ऑक्टोबरला सुरू होत असल्याने त्यांचे सहाच. डिसेंबरात खारींचा हंगाम पुन्हा उघडून फेब्रुवारीअखेर चालतो, पण तेव्हाचे रविवार या तेरांत नव्हते. तेव्हा शनिवार गाठावा लागणार होता. होल्यासारखे स्थलांतरित पक्षी तर एकाही रविवारी मारता येत नाहीत. हे मला आधी विसंगत वाटले, पण त्यामागे हिशेब आहे. स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीचे एकूण दिवस केंद्र सरकार ठरवून देते, आणि अटलांटिक किनाऱ्याकडच्या ज्या राज्यांत कायद्यानेच रविवारी ही शिकार बंद आहे, त्यांना रविवार वगळून तेवढे दिवस पुढे वाढवून मिळतात. रविवार उघडला तर ही सवलत जाते. म्हणजे बदकांचे शिकारी रविवार गमावत नाहीत, तो हंगामाच्या शेपटाला जोडून घेतात. कावळ्यांची तऱ्हा आणखी वेगळी: त्यांची शिकार शुक्रवार, शनिवार आणि रविवार या तीनच दिवशी करता येते. ही ओळ मी घरात मोठ्याने वाचायला नको होती.

कारण त्या सुमारास माझी आई आमच्याकडे आली होती, आणि पहिला खुला रविवार, म्हणजे १४ सप्टेंबर, ऐन पितृपक्षात येत होता. पितृपक्षात कावळ्याला पान वाढायचे की कावळा मारायचा परवाना काढायचा, असे तिने विचारले. आम्ही कावळ्याच्या वाटेला जाणार नाही, खारीला जाणार आहोत, असे सांगितल्यावर प्रकरण अधिकच बिघडले. सेतू बांधताना वाळूचे कण वाहणाऱ्या खारीच्या पाठीवरून रामाने बोटे फिरवली, ती तीन बोटे तिच्या अंगावर अजून दिसतात, आणि तुम्ही तिलाच मारायला निघालात, असा तिचा मुद्दा होता. येथल्या करड्या खारीच्या पाठीवर पट्टे नसतात, हे मुलीने खिडकीतून बोट दाखवून आजीच्या निदर्शनास आणून दिले. आईने बराच वेळ त्या खारीकडे पाहिले, ‘नसतील, पण जात तीच,’ असे म्हणून चर्चा संपवली आणि पितृपक्ष उलटेपर्यंत बंदूक घराबाहेर काढायची नाही असे बजावले. १४ तारीख गेली. २१ला सर्वपित्री अमावास्या होती, तीही गेली. २८ला नवरात्र चालू होते आणि घट बसलेले होते. राज्याने दीडशे वर्षांपूर्वी घातलेले रविवारचे धर्मबंधन उठवले, आणि आमच्या पहिल्या तीन रविवारांवर आमच्याच पंचांगाने ते पुन्हा घातले. महाराष्ट्रात अर्धे घर सोमवार, गुरुवार, शनिवार पाळते आणि रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे रांग लागते. आमच्या घरात सामिष स्वयंपाकाला निर्वेध असा वार रविवारच होता, आणि तोच नेमका हुकत होता.

त्या तीन आठवड्यांचा एक उपयोग झाला. त्यांत मी जागा शोधली. सरकारी शिकार-राखीव जमिनी आमच्या आसपास भरपूर आहेत आणि तेथे परवान्याखेरीज कोणाची परवानगी लागत नाही, पण पहिल्याच वर्षी नवशिक्या मुलीला गर्दीत न्यायला मी तयार नव्हतो. खासगी जमीन हवी होती, आणि रविवारच्या शिकारीचा कळीचा नियम येथेच येतो: रविवारी खासगी जमिनीवर शिकार करायची तर जमीनमालकाची लेखी परवानगी अंगावर बाळगावी लागते. इतर वारी कायद्याला तोंडी संमती चालते. रविवारी कागद लागतो. २०१९मध्ये तीन रविवार मोकळे करताना शेतकऱ्यांच्या समाधानासाठी ही अट आली, आणि दुसऱ्याच्या जमिनीवर बेकायदा शिरणाऱ्या शिकाऱ्यावर थेट कारवाई करण्याचा अधिकारही त्याच वेळी कमिशनच्या रक्षकांना मिळाला.

पेरी काउंटीत डोंगरापलीकडे एका शेतकऱ्याचे सफरचंद आणि मक्याचे दुकान आहे. रस्त्याकडेला टेबल, त्यावर टोपल्या आणि पैसे टाकायला एक डबा. आम्ही कैक वर्षे तेथून मक्याची कणसे आणतो. त्यांच्या मक्याच्या मागे हिकरी आणि ओक यांचे पंधरा-वीस एकर रान आहे. पहिल्यांदा विचारले तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या त्या गृहस्थांनी सभ्यपणे, पण एका शब्दात नकार दिला. त्यांच्या रानाच्या हद्दीवरच्या झाडांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे मी तोवर पाहिलेच नव्हते, आणि पाहिले असते तरी मला त्यांचा अर्थ कळला नसता. २०२०पासून या राज्याच्या बहुतेक भागांत असा पट्टा म्हणजे ‘प्रवेश बंद’ ही पाटीच समजली जाते. निदान आठ इंच लांब, एक इंच रुंद, जमिनीपासून तीन ते पाच फुटांवर आणि शंभर फुटांच्या आत एकेक, असे त्याचे माप आहे. पाटी कोणी उपटून नेतो, गोळी मारून चाळण करतो. रंग मात्र राहतो. दुसऱ्या खेपेला मी शिकारीचा विषय न काढता त्या पट्ट्यांबद्दल विचारले, आणि मग त्यांनी सांगितले की काही वर्षांपूर्वी कोणी शिकारी फाटक उघडे टाकून गेला आणि त्यांच्या दोन गायी डांबरी रस्त्यावर गेल्या. त्यांतली एक परत आली नाही. पट्टे त्यानंतरचे.

तिसऱ्या खेपेला मुलगी बरोबर होती. तिने प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र त्यांच्यापुढे धरले आणि खारी मक्याचे किती नुकसान करतात असे विचारले. तो प्रश्न तिने बहुधा ठरवून आणला होता. ते तिला शेताच्या कडेला घेऊन गेले, खारींनी सोललेली कणसे दाखवली, आणि परत येताना माझ्याकडे वळून म्हणाले, की कागद लिहून आणा, वाचून पाहतो.

कागद मी घरी टंकून नेला. दोघांची नावे, परवान्याचे क्रमांक, गाडीचा क्रमांक, फक्त खार आणि ससा, फक्त आम्ही दोघे. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि पेनाने खाली तीन अटी वाढवल्या. गोठ्याच्या बाजूला तोंड करून कधीही नेम धरायचा नाही. फाटक जसे असेल तसेच ठेवून जायचे: बंद असेल तर बंद आणि उघडे असेल तर उघडे. तिसरी अट अशी, की रविवारी दुपारी बारापर्यंत आत यायचे नाही, कारण ते साडेदहाच्या प्रार्थनेला जातात आणि चर्चमध्ये बसलेले असताना आपल्या रानातला बार ऐकू यावा हे त्यांना पटत नाही. कायद्याच्या पुस्तकात अशी वेळ कोठेही नाही. छोट्या शिकारीला सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत मुभा आहे. परंतु जमीन त्यांची होती, म्हणून वेळही त्यांचीच. खरे तर आम्हाला ती सोयीचीच होती, कारण मुलीची मराठी शाळा रविवारी सकाळी साडेअकराला सुटते. त्यांनी सही केली, तारीख घातली, आणि कागदाची एक प्रत आपल्याकडे ठेवून घेतली.

५ ऑक्टोबरचा रविवार आम्ही बिनबंदुकीचा घालवला. राहत्या घरापासून दीडशे यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे १३७ मीटरांत, त्या घरात राहणाऱ्यांच्या परवानगीशिवाय बंदुकीने शिकार करता येत नाही. रानाच्या उत्तरेला शेजाऱ्याचे घर आहे, त्यामुळे ही मर्यादा कोठे पडते ते आधी पाहणे भाग होते. मुलीने पावले मोजली, मी दुर्बिणीसारखे एक अंतरमापक उसने आणले होते, आणि दोघांच्या मापांत अकरा यार्डांचा फरक आला. आम्ही लांबचे माप धरले. त्या रेषेवरच्या एका ओकला, शेतकऱ्याला विचारून, एक पांढरी दोरी बांधली. त्या दोरीपलीकडे जायचे नाही असे ठरले.

१२ ऑक्टोबरला आम्ही प्रत्यक्ष शिकारीला गेलो. डोके, छाती आणि पाठ मिळून निदान अडीचशे चौरस इंच झगझगीत नारिंगी रंग चारी बाजूंनी दिसला पाहिजे असा नियम आहे. टोपी आणि जाकीट घातले की तो पुरा होतो. आई दारात उभी राहून म्हणाली, की झेंडूच्या तोरणासारखे दिसता. धनुष्यबाणाने हरिण मारणाऱ्यांना मात्र तेव्हा नारिंगीची सक्ती नसते. याचा अर्थ असा, की आम्ही सगळ्यांना दिसणार आणि रानात आणखी कोणी असला तर तो आम्हाला दिसेलच असे नाही. आमच्या कागदावर फक्त आमचीच नावे असल्याचा दिलासा मला तेव्हा वाटला.

हिकरीखाली एका आडव्या ओंडक्याला टेकून आम्ही सव्वाबाराला बसलो. खारीच्या शिकारीत चालायचे कमी आणि ऐकायचे जास्त असते, हे वर्गात सांगितले होते. खारी फळे कुरतडत असल्या म्हणजे सालीचे तुकडे वरून टपटपत राहतात, आणि वारा नसेल तर तो आवाज पावसाची सर सुरू झाल्यासारखा वाटतो. पहिला पाऊण तास काहीच झाले नाही. मग डावीकडे ती सर सुरू झाली. मुलीने रायफल हळूहळू उचलली, दुर्बीण डोळ्याला लावली, आणि तशीच थांबून राहिली. खार फांदीच्या अगदी टोकाला बसली होती आणि तिच्यामागे नुसते निळे आकाश होते. .२२च्या काडतुसाच्या डबीवरच लिहिलेले असते, की ही गोळी दीड मैलापर्यंत धोकादायक आहे. मी काही बोललो नाही. तिने चापावर बोट नेलेच नाही, रायफल खाली घेतली, आणि खार उडी मारून पलीकडच्या झाडावर गेली. त्या दिवशी आणखी दोन दिसल्या, दोन्ही पांढऱ्या दोरीच्या पलीकडे. सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होता, पण पाचलाच मुलगी म्हणाली की गृहपाठ राहिला आहे. फाटक बंद सापडले होते, ते बंद करून आम्ही निघालो.

१९ला दिवाळी होती. २६ ऑक्टोबरला, तिसऱ्या प्रहरी, मुलीने एक खार मारली. दिवसाला सहा खारींची मर्यादा आहे, आणि आमच्या दोघांच्या मिळून बारा होऊ शकल्या असत्या. एक मिळाल्यावर ती म्हणाली की आता बस. गोळी बरोबर लागली होती आणि खार जागीच पडली. तरी तिला हात लावायला मुलीला पाच-सात मिनिटे लागली, आणि त्या वेळात मी उगाच काही बोललो नाही. कातडे सोलण्याचे काम वाटते त्यापेक्षा फारच चिवट असते. शेपटीच्या बुडाशी चीर देऊन, शेपटीवर पाय ठेवून ओढायचे, अशी रीत वर्गातल्या एका स्वयंसेवकाने सांगितली होती, पण तिच्यात सांगण्यापेक्षा करण्याची बाजू अवघड आहे. बायकोने सुक्या खोबऱ्याचे वाटण घालून रस्सा केला. मांस सशासारखे, थोडे घट्ट, आणि तिघांना प्रत्येकी तीन-चार घास. आई त्या ताटावर बसली नाही, मात्र रश्श्याला मीठ बरोबर आहे का असे तिने आतून विचारले.

नोव्हेंबरात आणखी दोन रविवार गेलो. घड्याळे मागे गेल्यावर पाचलाच अंधारू लागे, आणि बारानंतरचा वेळ अपुरा वाटे, पण सकाळची वेळ मागायचे धैर्य मला झाले नाही. मागायलाही नको होती. पहिल्या खेपेनंतर आम्ही प्रत्येक वेळी निघताना त्यांच्या दाराशी जाऊन काय मिळाले, किती बार झाले, कोणत्या दिशेला झाले, ते सांगत होतो. त्यांनी ते कधी विचारले नव्हते, तरी दुसऱ्या रविवारपासून ते आमची वाट पाहत ओसरीवर खुर्ची टाकून बसू लागले. एकदा मुलीने नेलेल्या चकल्या त्यांनी खाल्ल्या आणि यात काय आहे असे विचारले. तिने भाजणी समजावून सांगायचा प्रयत्न केला, तो फारसा साधला नाही.

वर्ष संपता संपता, खारींचा दुसरा हंगाम उघडल्यावर, मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो. तेव्हाचे रविवार बंद होते, पण मुलीच्या स्पर्धा जानेवारीत दोन शनिवार नव्हत्या. तेवढे दोन शनिवार आलो तर चालेल का, असे विचारले. ते हो म्हणाले आणि कागद कोठे आहे असे त्यांनी विचारले. शनिवारसाठी कायद्याला कागद लागत नाही, तुमचा शब्द पुरतो, असे मी सांगितले. ‘मला लागतो,’ एवढेच म्हणून त्यांनी चष्मा काढण्यासाठी खिशात हात घातला, आणि मी वही आणायला गाडीकडे गेलो.